बर्फाळ उतारावर पाय टाकण्याआधी

सपाट माळ होता. आम्ही चौघं एकामागोमाग चाललो होतो, बर्फ गुडघाभर. अचानक पायाखालून आवाज आला, गादीवर जड पोतं टाकावं तसा, घुसमटलेला. त्यासरशी सगळा माळ बोटभर खाली बसला. बोटभरच. बऱ्याच अंतरावर बर्फातून डोकावणाऱ्या झुडपावरचा बर्फही झडला. आम्ही तिघं नवखे एकमेकांकडे बघून हसलो. पुढे चाललेला दादा हसला नाही. समोरच्या उताराकडे काठी करून तो एवढंच म्हणाला, "तिकडेही हेच असणार. चला मागे."

तेव्हा मला तो भित्रा वाटला होता. आता वाटतं, त्या दिवशी आमच्यात बर्फाची भाषा येणारा तो एकटाच होता.

हिमस्खलन म्हटलं की दूर शिखरावरून सुटलेला पांढरा लोट आणि खाली सापडलेला बिचारा प्रवासी असं चित्र डोळ्यांसमोर येतं. कुणी मोठ्याने हाक मारली म्हणून बर्फ सुटला, हेही ऐकवलं जातं. हाकेने बर्फ सुटत नाही, आवाजात तेवढा जोर नसतो. जीवघेण्या अपघातांत दहापैकी साधारण नऊ वेळा बर्फ सुटतो तो सापडलेल्या माणसाच्याच नाहीतर त्याच्या सोबत्याच्या वजनाने. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पण धोंडा आपण पाडत असू, तर न पाडणंही बरंचसं आपल्याच हातात आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

आधी समजून घ्या: सुटतं ते काय?

भुसभुशीत बर्फ कधीकधी एका ठिपक्यापासून सुटतो आणि पंख्यासारखा पसरत खाली येतो. कड्यावरून किंवा घळीत ढकलून देण्याइतका तो घातक होऊ शकतो. पण बहुतेक बळी जातात ते लादी सुटल्याने. लादी म्हणजे वरचा एकसंध, एकमेकांत गुंतलेला थर. तिच्याखाली एखादा कच्चा थर असतो, दाणे एकमेकांना न धरणारा. माणसाच्या वजनाने तो कच्चा थर एका जागी मोडला की ती मोड बर्फाच्या आत क्षणात दूरवर पळते आणि वरची अख्खी लादी मोकळी होते. फुटण्याची रेघ आपल्या पायाशी नाही, आपल्या बरीच वर उमटते. म्हणजे आपण लादीच्या काठावर नसतो, मधोमध असतो. ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड एवढी मामुली लादी घ्या. घनमीटरला २०० किलो धरले तरी ते २५० टन झाले, आणि काही सेकंदांत त्यांचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो.

माळावर आम्ही ऐकलं ते कच्चा थर मोडल्याचंच. उतार नव्हता म्हणून लादी घसरली नाही, जागच्या जागी बसली.

हा कच्चा थर येतो कुठून? गंमत म्हणजे बरेचदा तो निरभ्र, शांत, सुंदर थंडीत तयार होतो. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते. वर हवा उणे १० असेल आणि बर्फ फक्त ५० सेंटीमीटर असेल, तर दर १० सेंटीमीटरला २ अंशांचा फरक पडतो. हा फरक १० सेंटीमीटरला साधारण १ अंशाच्या वर गेला की आतली वाफ वर सरकत राहते आणि दाण्यांचे टोकदार, सुटे स्फटिक होतात. मुठीत घेतलं तर साखरेसारखं बोटांतून ओघळतं, गोळा होतच नाही. तेच बर्फ २ मीटर असेल तर फरक अर्ध्या अंशावर येतो आणि दाणे उलट एकमेकांना चिकटू लागतात. म्हणून "यंदा बर्फ कमी आहे, धोका कमी" हे गणित फसवं आहे. हंगामाच्या सुरुवातीच्या पातळ बर्फातून तळाशी बनलेला असा थर आठवडेच काय, महिनेही तग धरतो. निरभ्र रात्री पृष्ठभागावर पिसांसारखं दंव धरतं, तेही दिसायला देखणं. त्यावर पुढचा बर्फ पडला की ते झाकलं जातं आणि कच्चा थर तयार.

बर्फ शिकवत नाही

पायऱ्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण बाकी सगळे नियम तिच्यावर उभे आहेत. धोकादायक उतारही बहुतेक वेळा सुटत नाही. त्यामुळे चुकीचा निर्णय घेऊनही माणूस सुखरूप घरी येतो आणि आपल्याला अनुभव आहे असं समजू लागतो. कातळावर चूक केली की हात घसरतो, लगेच कळतं. इथे चूक करूनही बक्षीस मिळतं, मस्त उतरण आणि फोटो.

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा" ही म्हण इथे पांगळी पडते. पुढच्याला ठेच लागली नाही, एवढ्यावरून मागच्याने काय शिकायचं? लादीची जाडी सगळीकडे सारखी नसते. पुढचे पाच जण जाड भागावरून गेले. सहावा दोन हात बाजूला, खडकाजवळून गेला, तिथे लादी पातळ होती, वजन थेट कच्च्या थरापर्यंत पोचलं. उतारावर पावलांच्या खुणा आहेत याचा अर्थ तिथून कुणीतरी गेलं, इतकाच.

इयन मॅककॅमन या अमेरिकी अभ्यासकाने सातशेहून जास्त अपघात तपासले. बर्फाचं शिक्षण घेतलेली माणसंही ओळखीच्या उतारावर, शिखराच्या हट्टाला पेटून, गटातल्या जाणत्यावर डोळे झाकून भरवसा टाकून, किंवा दुसऱ्या गटाच्या आधी पोचण्याच्या घाईत फसलेली त्यांना दिसली. म्हणून निर्णय उतारावर घ्यायचे नाहीत. ते आदल्या संध्याकाळी, उबेत बसून, नकाशासमोर घ्यायचे.

पायरी पहिली: आदल्या दिवशी अंदाज वाचा

जिथे हिमस्खलनाचा अंदाज निघतो तिथे तो शेवटपर्यंत वाचा. युरोपातल्या देशांनी १९९३ साली पाच पायऱ्यांचं एकच मोजमाप स्वीकारलं, उत्तर अमेरिकेतही पाचच पायऱ्या आहेत: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अति. इथे नवखा एक चूक हमखास करतो. पाचपैकी तीन म्हणजे मधलं, चालेल. चालत नाही. एकेका पायरीला धोका सरळ नाही, पटीने वाढतो. सर्वाधिक बळी तिसऱ्या पायरीवरच जातात, कारण चौथ्या-पाचव्याला लोक घरी बसतात आणि तिसऱ्याला निघतात.

आकड्यापेक्षाही खालचा मजकूर महत्त्वाचा. धोका कोणत्या दिशेच्या उतारांवर आहे, किती उंचीच्या वर आहे, आणि कशाचा आहे: ताज्या बर्फाचा, वाऱ्याने साठवलेल्या लादीचा, खोल मुरलेल्या कच्च्या थराचा, की उन्हाने भिजलेल्या बर्फाचा. वाऱ्याच्या लादीची जागा ओळखता येते, वळसा घालता येतो. खोलातला कच्चा थर वरून दिसत नाही, त्यावर हुशारी चालत नाही, तीव्र उतार सोडूनच द्यावे लागतात.

अंदाज निघतच नसेल अशा भागात मी तिसरी पायरी धरून चालतो. नवख्याने तेच करावं.

पायरी दुसरी: उतार मोजा, डोळ्यांवर जाऊ नका

बर्फातल्या साऱ्या अनिश्चित गोष्टींत पक्की मोजता येणारी गोष्ट एकच, उताराचा कोन. लाद्या सुटतात त्या बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या मध्ये, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. त्याहून फार खडा असेल तर बर्फ टिकत नाही, सारखा झडत राहतो. ३० च्या खाली लादी क्वचितच सुटते. आणि नेमके ३५-४० अंशच उतरायला सर्वांत मजेचे असतात, ही निसर्गाची खोडी.

नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या फरकाने काढलेल्या असतील, तर ३० अंशांच्या उतारावर दोन रेषांमधलं जमिनीवरचं अंतर साधारण ३५ मीटर भरतं. १:२५,००० च्या नकाशात ते १.४ मिलिमीटर होतं. रेषा याहून जवळ आल्या की उतार ३० च्या वर गेला. हल्ली मोबाइलच्या नकाशात कोनाप्रमाणे रंग भरलेले मिळतात, काम सोपं होतं. पण रेषांच्या मधला छोटा खडा टप्पा नकाशात दडून राहतो, म्हणून जागेवरही मोजायचं.

त्यासाठी चालण्याच्या दोन काठ्या पुरतात, फक्त दोन्हींची लांबी एकसारखी करून घ्या. काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी ठेवा आणि दोन्ही टोकांच्या खुणा करा. आता वरचं टोक जागेवर ठेवून खालचं टोक उचला. उचललेल्या टोकापासून दुसरी काठी ओळंब्यासारखी सरळ खाली सोडा, आणि तिचं टोक बर्फाला टेकेल अशा बेताने पहिली काठी वरखाली करा. टोक बरोबर खालच्या खुणेवर टेकलं तर उतार ३० अंशांचा. खुणेच्या खाली टेकलं तर जास्त खडा: १२० सेंटीमीटरच्या काठ्यांना १० सेंटीमीटर खाली म्हणजे साधारण ३ अंश अधिक. शिकायला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येक उताराचा आधी अंदाज करायचो आणि मग मोजायचो. माझे अंदाज पाच-सात अंशांनी चुकायचे. ही चाचणी अर्थात सौम्य, सुरक्षित जागी करा. ३८ अंशांच्या मधोमध उभं राहून ३८ मोजण्यात अर्थ नाही.

कोन आणि अंदाज यांची सांगड स्विस गाइड वर्नर मुंटर यांनी १९९० च्या दशकात सोप्या शब्दांत घालून दिली: दुसऱ्या पायरीला ४० अंशांच्या खाली, तिसऱ्या पायरीला ३५ च्या खाली, चौथ्याला ३० च्या खाली राहा. माझं मत विचाराल तर पहिले दोन हंगाम नवख्याने तिसऱ्या पायरीलाही ३० ओलांडू नयेत.

कोन फक्त पायाखालचा बघून भागत नाही. डोक्यावर काय आहे तेही बघायचं. तुम्ही सपाटीवर आहात आणि वर ४० अंशांचा भरलेला उतार आहे, तर त्याचा बर्फ तुमच्यापर्यंत येणार. सपाटीवरून चालणाऱ्याच्या वजनानेही दुरून वरच्या उताराची लादी सुटू शकते. बर्फ किती दूर पोचतो याचा अंदाज जाणत्यांचाही चुकतो. २३ फेब्रुवारी १९९९ ला ऑस्ट्रियातल्या गाल्ट्युर गावात लोट शिरला तो सुरक्षित समजल्या जाणाऱ्या घरांपर्यंत, आणि ३१ माणसं गेली.

खालीही नजर टाका. उतार साधाच असेल, पण त्याच्या पायथ्याशी अरुंद घळ, ओढ्याचं पात्र, कडा किंवा झाडी असेल, तर छोटीशी लादीही जीव घेते. घळीत बर्फ पसरत नाही, साचतो, आणि माणूस खोल गाडला जातो.

पायरी तिसरी: तीन वस्तू, प्रत्येकाकडे

ट्रान्सीव्हर (सिग्नल सोडणारं आणि दुसऱ्याचा सिग्नल शोधणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं. गटात मिळून एक नव्हे, प्रत्येकाच्या अंगावर. कारण गाडला गेलेला माणूस स्वतःचं फावडं वापरत नाही, त्याला इतरांची लागतात.

ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतो, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रान्सीव्हर एकमेकांना ऐकतात. तो पट्ट्याने आतल्या कपड्यांवर बांधायचा, सॅकमध्ये टाकायचा नाही, सॅक वाहून जाऊ शकते. मोबाइल, कॅमेरा, रेडिओ त्याच्यापासून तो सेंडवर, म्हणजे सिग्नल सोडत, असताना २० सेंटीमीटर आणि शोधताना ५० सेंटीमीटर लांब. प्रोब किमान २४० सेंटीमीटर, फावडं धातूचं. साचलेला बर्फ इतका घट्ट होतो की प्लास्टिकचं पातं मोडतं. मूठ ओढली की फुगणारी हवेची पिशवी असलेली सॅक परवडत असेल तर घ्या. लोटात मोठ्या वस्तू वर राहतात या तत्त्वावर ती चालते आणि गाडलं जाण्याची शक्यता कमी करते. मात्र झाडावर आपटण्यापासून ती वाचवत नाही.

हे सामान नुसतं जवळ असून काडीचा उपयोग नाही. सुरू असलेला ट्रान्सीव्हर जुन्या पिशवीत घालून सोबत्याला सांगा, मोकळ्या बर्फात कुठेही पूर. मग घड्याळ लावून शोधा. मला पहिल्यांदा १६ मिनिटं लागली होती, आणि पिशवी ढोपरभरच खोल होती. दुसऱ्या दिवसाच्या शेवटी पाचवर आलो. त्या १६ मिनिटांचा अर्थ काय ते खाली येईलच.

पायरी चौथी: निघताना

ट्रान्सीव्हर तपासा: एक जण पुढे उभा राहतो, बाकीचे लांबून एकेक करून त्याच्या समोरून जातात, प्रत्येकाचा सिग्नल ऐकू आलाच पाहिजे. गट तीन-चार जणांचा बरा. परतीची वेळ ठरवा आणि ती शिखराशी बांधू नका, घड्याळाशी बांधा. नकाराचा हक्क प्रत्येकाला द्या: गटातला सर्वांत नवा माणूस "मला बरोबर वाटत नाही" म्हणाला की चर्चा नाही, वळायचं. कुठे जातोय ते मागे कुणालातरी सांगून ठेवा.

पायरी पाचवी: वाटेवर कान-डोळे उघडे

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर सकाळचा बेत गुंडाळून सौम्य उताराकडे वळा:

आसपास ताजी सुटलेली लादी दिसली. त्याच दिशेचे बाकी उतारही त्याच तयारीत असतात.

पायाखाली तो घुसमटलेला आवाज आला, किंवा पावलापासून बर्फात भेगा पळाल्या.

गेल्या २४ तासांत ३० सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त बर्फ पडला, किंवा ताज्या बर्फावर पाऊस झाला.

हवा एकदम उबदार झाली. सूर्याकडच्या उतारांवर बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले की त्या बाजूची वेळ संपली.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर. बर्फ पडत नसला तरी वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडे टाकत असतो, आणि पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने. धारेवरून पांढरा धूर उडताना दिसला की वाऱ्याआडच्या बाजूला लादी बांधली जातेय. असा बर्फ पायाला कडक, पोकळ लागतो, काठी टोचली तर ढोलकीसारखा वाजतो. धारेच्या कडेला बाहेर झुकलेला छज्जा दिसतो. त्यावर चालत जाऊन खाली डोकावायचा मोह आवरा, तो वाटतो त्याच्या बराच मागे तुटतो.

बर्फात खड्डा खणून थर तपासण्याच्या चाचण्या आहेत. शिका जरूर. पण एका खड्ड्यात काही सापडलं नाही म्हणून उतार पक्का, असा निष्कर्ष काढू नका. खड्डा "नको" म्हणाला तर ऐका, "चालेल" म्हणाला तर ऐकू नका.

संशयाचा टप्पा ओलांडणं टळतच नसेल, तर एकेकाने ओलांडा. बाकीचे लोटाच्या वाटेबाहेर, सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावरून नजर हलवणार नाहीत. फोटो नंतर. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. मधे थांबू नका. आणि वाट घालायचीच तर सोंडेवरून घाला, घळीतून नको.

लादी सुटलीच तर

ओरडा. वेग असेल तर तिरके बाजूला निसटायचा प्रयत्न करा. काठ्या सोडा, हवेची पिशवी असेल तर तिची मूठ ओढा, सॅक पाठीवरच राहू द्या, पाठीचं रक्षण होतं. झाड हाताला लागलं तर धरा. वर राहण्यासाठी जिवाच्या आकांताने धडपडा. वेग कमी होतोय असं जाणवताच हात तोंडासमोर आणा, कारण थांबल्यावर बर्फ आवळतो आणि बोटही हलत नाही. तोंडापुढची ती ओंजळभर पोकळी श्वासाची जागा असते.

वर उरलेल्यांनी आता घड्याळ लक्षात ठेवायचं. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्या दहापैकी साधारण नऊ जण वाचतात, अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण दहात तिघांवर येतं. बचाव पथक कुठूनही निघालं तरी एवढ्यात क्वचितच पोचतं. फोन लागत असेल तर झटपट कळवा, पण शोध थांबवू नका.

वर दुसरा बर्फ सुटण्याजोगा आहे का ते बघा. किती जण हरवले ते मोजा. सोबती शेवटचा कुठे दिसला ती जागा लक्षात ठेवून तिथून खाली शोधा. सर्वांनी ट्रान्सीव्हर शोधावर टाकायचे, एकाचा जरी सेंडवर राहिला तरी सगळे त्याच्याच मागे धावतील. बर्फावर हातमोजा, काठी, बूट दिसतो का तेही बघत चला. सिग्नल मिळाला की ट्रान्सीव्हरच्या पडद्यावरच्या बाणाच्या मागे पळा. अंतराचा आकडा ३ मीटरच्या आत आला की वेग मोडा, ट्रान्सीव्हर बर्फाला टेकवून सावकाश, न फिरवता, आडवा-उभा सरकवा आणि सर्वांत लहान आकड्याची जागा पकडा. तिथून प्रोब पृष्ठभागाला काटकोनात, २५ सेंटीमीटरच्या अंतराने, बाहेर पसरत जाणाऱ्या वेटोळ्यात खुपसा. माणूस लागला की प्रोब तिथेच राहू द्या.

खणायला प्रोबपाशी नका सुरू करू. खोलीच्या दीडपट अंतर उताराखाली सरका आणि तिथून आडवं आत शिरा. बर्फाचे ठोकळे कापा, उचलून फेकू नका, मागे ओढा, मागचा माणूस आणखी मागे सारेल. एक मीटर खोल माणसासाठी टनभराहून जास्त बर्फ हलवावा लागतो, म्हणून पुढचा माणूस दर मिनिटाला बदला. आधी चेहरा, मग छाती मोकळी करा. तोंडातला बर्फ काढा, श्वास नसेल तर अंग मोकळं व्हायची वाट न बघता तोंडाने श्वास द्यायला लागा, आणि छाती मोकळी होताच दाबही सुरू करा. बाहेर काढताना आडवंच ठेवा, हळू हलवा, गारठलेलं हृदय धसक्याने बंद पडू शकतं. खाली कोरडं काहीतरी अंथरा, अंगावर असेल नसेल ते घाला.

आणि तिथून हलण्याआधी, शोधावर टाकलेला प्रत्येक ट्रान्सीव्हर परत सेंडवर करा.